परीक्षकांचे गुण की समोरासमोरची झुंज? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुणांवर ठरणारा खेळ आणि समोरासमोरचा खेळ यांत नेमका फरक काय?

सर्वसाधारण समजूत अशी असते की ज्या खेळात गुण मिळतात तो परीक्षकांचा खेळ, आणि ज्यात एकाने दुसऱ्याला हरवायचे असते तो खरा सामना. ही विभागणी ढोबळ आहे आणि पहिल्याच उदाहरणाला अडखळते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले. तेथे गुण होते, पण ते कोणा माणसाच्या मतावर अवलंबून नव्हते. गोळी केंद्रापासून किती दूर लागली हे इलेक्ट्रॉनिक लक्ष्य मोजत होते. म्हणून नेमबाजी, धावणे, भालाफेक, भारोत्तोलन यांचा मोजमापाच्या खेळांचा तिसरा गट वेगळा ठेवणे बरे. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, फिगर स्केटिंग, मल्लखांब आणि योगासन हे परीक्षकांचे खेळ, तर कुस्ती, कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन हे समोरासमोरचे खेळ होत.

या तीन गटांच्या भिंतीही पक्क्या नाहीत. चालण्याची शर्यत घड्याळावर ठरते, पण दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले किंवा गुडघा वाकला असे परीक्षकाच्या नजरेला वाटले तर लाल कार्डे जमा होतात आणि खेळाडूला शिक्षा म्हणून थांबावे लागते किंवा शर्यतीबाहेर जावे लागते. पॅरिसमध्ये प्रथमच आलेल्या ब्रेकिंगमध्ये दोन नर्तक एकमेकांसमोर उभे राहून ‘लढत’ होते, आणि निकाल मात्र परीक्षक देत होते. सर्फिंगमध्येही तसेच आहे.

‘ज्यात परीक्षक गुण देतात तो खेळच नव्हे, ती कला आहे’ हे मत कितपत ग्राह्य धरावे?

क्रीडारसिकांच्या गप्पांत हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याला उत्तर देण्याचा कंटाळा येतो, तरीही त्यामागची भावना खोटी नाही. समोरासमोरच्या खेळात प्रतिस्पर्धी उत्तर देऊ शकतो. तुम्ही पट काढायला गेलात तर तो पाय मागे घेतो, तुम्ही चढाईला गेलात तर बचावपटू साखळी करतो. मल्लखांबावरील खेळाडूला मात्र असे उत्तर देणारे कोणी नसते; तेल लावलेले लाकूड, गुरुत्वाकर्षण आणि जेमतेम दीड मिनिट एवढ्यांशीच त्याचा सामना असतो. ‘हरवले कोणाला?’ असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो, तो येथूनच.

परंतु एवढ्यावरून त्याला खेळ न म्हणणे पटत नाही. मल्लखांब हा मुळात मल्लाचाच खांब आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले, तेव्हा ती पहिलवानाच्या तयारीचा भाग होती. ज्या पकडीने मल्ल खांबावर चढतो, ती पकड आखाड्यातही उपयोगी पडते. मग त्याच अंगमेहनतीला आखाड्यात खेळ म्हणायचे आणि खांबावर कला म्हणायचे, हा भेद खेळापेक्षा निकालाच्या पद्धतीबद्दलच अधिक बोलतो. खरा आक्षेप ‘हा खेळ नाही’ असा नसून ‘हा निकाल मला दिसला नाही’ असा आहे, आणि तो तसाच मांडला तर त्यावर काही बोलता येते.

समोरासमोरच्या खेळात तरी निकाल पंचांच्या हातात नसतो ना?

असतो, आणि कधी कधी पूर्णपणे असतो. २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कुस्तीत चीतपट हा सर्वांत निर्विवाद निकाल मानला जातो: दोन्ही खांदे गादीला टेकले की संपले. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या गादी विभागातील लढतीत वाद झाला तो नेमका याच गोष्टीवर. पंचांनी मोहोळला विजयी घोषित केले. खांदे टेकलेच नव्हते असे राक्षेचे म्हणणे होते, आणि संतापाच्या भरात त्याने पंचांवर लाथ उगारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन वेळ संपण्यापूर्वीच बाहेर पडला, मोहोळला गदा मिळाली आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पंचांवर हात किंवा पाय उचलण्याचे समर्थन होऊच शकत नाही. येथे मुद्दा एवढाच की खांदा टेकला की नाही हेही शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांनीच ठरते.

कबड्डीचेही तसेच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ एशियाडच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत होते आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. पवन सेहरावत चढाईला गेला, कोणालाही स्पर्श न करता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत, जिच्यात स्पर्श झाल्यावरच उतरता येते) गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. आता बाद कोण, एकटा चढाईपटू की त्याच्यामागे आलेले सगळे? जुना नियम एक सांगत होता, नवा नियम दुसरे, आणि पंच एकदा इकडे, एकदा तिकडे. सुमारे तासभर खेळ थांबला, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, आणि अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. हा ‘थेट’ खेळ होता. परीक्षकांचे टेबल कोठेही नव्हते.

क्रिकेटमध्ये तर २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना २४१ धावांवर बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही १५-१५ अशी सुटली, आणि इंग्लंडने चौकार-षटकार अधिक मारले म्हणून न्यूझीलंड हरले. ती बरोबरी पंचांच्या मताने मोडली नव्हती. निकाल नियमपुस्तकातून आला होता आणि तरीही तो अनेकांना अन्यायाचा वाटला. पुढे तो नियमच बदलण्यात आला.

मग बॉक्सिंगला कोणत्या गटात धरायचे?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. समोर माणूस असतो, तो ठोसे मारतो, रक्त येते, यापेक्षा थेट झुंज ती कोणती? पण ठोशाने कोणी आडवा पडला नाही तर निकाल रिंगभोवती बसलेले परीक्षक देतात. प्रेक्षकाला सामना समोरासमोरचा दिसतो आणि निकाल मात्र परीक्षकांच्या खेळासारखा लागतो, म्हणून येथला संताप सर्वांत तीव्र असतो.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील रॉय जोन्स ज्युनियर विरुद्ध पार्क सी-हुन हा अंतिम सामना आजही या वादाचे पहिले उदाहरण म्हणून सांगितला जातो. अमेरिकी वाहिनीच्या मोजणीनुसार जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि पार्कचे ३२, तरीही यजमान देशाच्या पार्कला ३-२ असा कौल मिळाला. विनोद असा की त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट बॉक्सरचा करंडक जोन्सलाच देण्यात आला. अनेक वर्षांनी पार्क स्वतः अमेरिकेत जोन्सच्या घरी गेला आणि आपले सुवर्णपदक त्याच्या हाती ठेवून आला. परीक्षकांनी जे केले नाही ते जिंकलेल्या खेळाडूने केले.

आपल्याकडे २०१४ च्या इंचॉन एशियाडमधील सरिता देवीचा प्रसंग लोकांच्या लक्षात आहे. दक्षिण कोरियाच्या पार्क जि-नाविरुद्धच्या उपांत्य लढतीत वरचढ वाटूनही कौल विरोधात गेला, आणि पदक वितरणाच्या वेळी सरिताने आपले कांस्यपदक रडत रडत पार्कच्याच गळ्यात घातले. तिच्यावर वर्षभराची बंदी आली. पॅरिसमध्ये निशांत देव उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देकडून हरला, तेव्हा समाजमाध्यमांवर पुन्हा तीच चर्चा झाली. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर बॉक्सिंग हा परीक्षकांचाच खेळ आहे, आणि तसे उघडपणे मानले तर त्याच्या गुणदानाकडे आपण अधिक कठोरपणे पाहू.

जिम्नॅस्टिक्समध्ये गुण ठरतात तरी कसे? दीपा कर्माकरचे पदक कोठे गेले?

पूर्वी १० हा सर्वोच्च गुण होता. १९७६ मध्ये माँट्रियल येथे नादिया कोमानेचीला १० मिळाले तेव्हा गुणफलकावर तेवढे आकडेच नव्हते, म्हणून फलकाने १.०० दाखवले. २००६ पासून ती कमाल मर्यादा गेली. आता दोन वेगळे गुण असतात. एक काठिण्याचा, ज्यात खेळाडूने निवडलेल्या घटकांची किंमत धरतात आणि ज्याला वरची मर्यादा नसते. दुसरा सादरीकरणाचा, जो १० पासून सुरू होतो आणि प्रत्येक दोषागणिक ०.१, ०.३, ०.५ असा कमी होत जातो. पडल्यास पूर्ण १ गुण जातो.

रिओ २०१६ च्या व्हॉल्ट अंतिम फेरीत दीपाने प्रोदुनोवा ही अत्यंत धोकादायक उडी घेतली. तिचे काठिण्यमूल्य ७.० होते. उतरताना ती इतकी खोल बसली की सादरीकरणात ८.२६६ मिळाले, आणि त्या उडीचे एकूण १५.२६६ झाले. तिच्या आधीच्या उडीचे १४.८६६ मिळून सरासरी आली १५.०६६. कांस्यपदक विजेत्या स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६. अंतर ०.१५०. ‘एवढ्याशा फरकाने पदक हुकले’ हे आपण तेव्हा म्हटले आणि आजही म्हणतो. पण हा एवढासा फरक गूढ नाही. सरासरी दोन उड्यांची असते, म्हणून दोन्ही उड्यांत मिळून ०.३ वाचले असते तर बरोबरी झाली असती. उतरताना एक मध्यम दोष कमी, एवढेच. आकडे उघड आहेत. ते वाचायला आपल्याला कोणी शिकवले नाही, ही अडचण आहे.

डायव्हिंगची पद्धत प्रेक्षकाला त्या मानाने सोपी जाते. वैयक्तिक प्रकारात सात परीक्षक गुण देतात, वरचे दोन आणि खालचे दोन गुण गाळतात, उरलेल्या तिघांची बेरीज करून तिला काठिण्यांकाने गुणतात. एखाद्या परीक्षकाने ठरवून कमी-जास्त केले तरी त्याचा गुण बहुधा गाळलेल्यांत जातो. पडद्यावर सातही गुण दिसतात, हा त्यातला सर्वांत चांगला भाग.

मल्लखांबाच्या स्पर्धेत पंचांच्या टेबलावर प्रत्यक्षात काय चालते?

काही वर्षे लेखकाने जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम केले आहे, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगता येईल. मैदानाच्या मध्ये पुरलेला मल्लखांब, त्याला एरंडेल चोळलेले, आणि पंच एका रांगेत नव्हे तर वेगवेगळ्या बाजूंना बसलेले. हातात पॅड, त्यावर कागद, एक पेन. खेळाडू सलामी देतो, घड्याळ सुरू होते आणि पुढच्या नव्वद सेकंदांत पंचाला वर पाहायचे असते आणि न पाहता लिहायचे असते. प्रत्येकाची आपापली लघुलिपी असते. लेखक ताठ न राहिलेल्या गुडघ्यासाठी आडवी रेघ, सुटलेल्या अंगठ्यांसाठी टिंब आणि डळमळलेल्या तोलासाठी नागमोडी रेघ काढत असे.

एका स्पर्धेत चौदा वर्षांच्या एका मुलाने फार देखणा संच, म्हणजे सलग कसरतींचा क्रम, केला. फरारे (खांबाला धरून अंग झेंड्यासारखे ताणण्याच्या अवस्था) स्वच्छ, तोलाच्या अवस्थेत श्वास न हलवता थांबलेला, आणि उडीही नीट. टाळ्या पडल्या. इतर पंचांचे गुण एकमेकांच्या जवळ होते. लेखकाचा गुण त्यांच्यापेक्षा बराच खाली. मुख्य पंचांनी बोलावून कारण विचारले. कागदावर टिंबांची रांग होती: समोर बसलेल्यांना पायाचे चवडे जुळलेले दिसत होते, बाजूला बसलेल्या लेखकाला मात्र त्यांत प्रत्येक वेळी फट दिसली होती. कोणीच खोटे बोलत नव्हते. सर्वांत कमी म्हणून तो गुण नियमाप्रमाणे गाळला गेला आणि मुलाच्या क्रमांकावर काहीही परिणाम झाला नाही.

संध्याकाळी मुलाचे वडील टेबलापाशी आले. आवाज चढलेला होता. ‘सर, तुम्हीच का एवढे कमी दिलेत?’ त्यांना कागद दाखवला, टिंबे मोजून दाखवली. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे असं फलकावर लावत का नाही?’ त्या वेळी त्यांना काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले गेले. खरे उत्तर असे होते की तसे करण्याचा कोणी विचारच केला नव्हता.

परीक्षक आपल्या देशाच्या किंवा ओळखीच्या खेळाडूला झुकते माप देतात का?

देतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांत गाजलेले प्रकरण २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमधील आहे. जोडी फिगर स्केटिंगमध्ये रशियाच्या बेरेझनाया आणि सिखारुलिद्झे यांना कॅनडाच्या साले आणि पेल्तिए यांच्यापेक्षा ५-४ अशा कौलाने सुवर्ण मिळाले, आणि आपल्यावर दबाव होता असे फ्रेंच परीक्षकेने म्हटल्याचे बाहेर आले. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण देण्यात आले आणि ६.० हा सर्वोच्च गुण असलेली जुनी पद्धत मोडीत काढून घटकवार गुण देण्याची नवी पद्धत आली. त्या नव्या पद्धतीबरोबर एक उफराटी गोष्ट घडली. परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून कोणता गुण कोणी दिला हेच झाकून ठेवले गेले. दबाव टाळण्यासाठी प्रेक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा तो प्रकार होता, आणि २०१६ मध्ये तो रद्द झाला.

आपल्या भाषेत परीक्षक आणि सामन्याचा निर्णय देणारा, दोघांनाही पंच म्हणतात, आणि पंचांमुखी परमेश्वर असेही म्हणतात. मैदानाबाहेर बसलेल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास नसतो, हा भाग वेगळा.

चूक उघड झाली तरी निकाल का बदलत नाही?

कारण बहुतेक वेळा निकाल घड्याळावर अडतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समधील सर्व साधनांवरील एकत्रित प्रकारात दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंग याच्या एका संचाचे आरंभमूल्य (ज्या आकड्यातून दोषांचे गुण कापत जातात तो) १० ऐवजी ९.९ धरले गेले. ही चूक नंतर मान्य झाली. यांग कांस्यपदकावर होता आणि सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकेच्या पॉल हॅमच्या मागे केवळ ०.०४९ ने होता, तो ०.१ मिळाला असता तर क्रम बदलला असता. क्रीडा लवादाने मात्र हॅमचे सुवर्ण कायम ठेवले, कारण हरकत स्पर्धा सुरू असताना घेतली गेली नव्हती. हॅमच्या बाजूचाही विचार हवा: यांगचा तोच संच पुन्हा तपासला असता तर न कापलेले दोषही सापडले असते, आणि मग कोठे थांबायचे?

वीस वर्षांनी पॅरिसमध्ये उलटे झाले. जमिनीवरील कसरतींच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सच्या प्रशिक्षिकेने हरकत घेतली, तिचे गुण १३.६६६ वरून १३.७६६ झाले आणि ती तिसरी आली. १३.७०० गुणांच्या रुमानियाच्या आना बार्बोसूने कांस्य आपलेच समजून हाती घेतलेला ध्वज खाली ठेवला. नंतर लवादाने ठरवले की एका मिनिटाची मुदत असताना हरकत १ मिनिट ४ सेकंदांनी नोंदली गेली होती, म्हणून वाढीव गुण रद्द, आणि पदक बार्बोसूला. ज्या गुणासाठी हरकत होती तो गुण योग्य होता की नाही, हा प्रश्न त्या चार सेकंदांत हरवून गेला. तुलनेसाठी कुस्तीकडे पाहावे: तेथे प्रशिक्षक आव्हान देतो, चित्रफीत लगेच पाहिली जाते आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. त्यातही वाद होतात, पण ते मॅटवरच, सगळ्यांच्या देखत होतात.

परीक्षकांऐवजी संगणकाने गुण द्यावेत का?

अंशतः हे सुरू झालेच आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडूच्या सांध्यांचे कोन टिपणारी फुजित्सु कंपनीची प्रणाली २०१९ च्या स्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत वापरली गेली आणि २०२३ मध्ये अँटवर्प येथे ती दहाही साधनांवर उपलब्ध होती. हँडस्टँड उभ्या रेषेपासून किती अंश कलला हे यंत्र माणसापेक्षा नक्कीच चांगले सांगेल. वरील मुलाच्या चवड्यांमधली फटही त्याने सर्व बाजूंनी पाहिली असती. मात्र कोणत्या दोषाला किती किंमत द्यायची हे माणसांनीच ठरवलेले असते, आणि वादाचे मूळ बहुधा तेथे असते.

घरी बसून पाहणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

काठिण्य आणि सादरीकरण हे दोन आकडे वेगवेगळे वाचावेत. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर खेळाडूने धोका पत्करला, हे तेवढ्यावरून कळते.

आमच्या मुलीला स्पर्धेत कमी गुण मिळाले असे वाटते. तक्रार कशी करावी?

प्रथम प्रशिक्षकांशी बोलावे. हरकत घेण्याचा अधिकार सामान्यतः संघाच्या प्रतिनिधीला असतो, पालकांना नाही. हरकतीची मुदत स्पर्धेपूर्वीच विचारून ठेवावी, कारण ती फार थोडी असते. काठिण्य चुकीचे धरले गेले असेल तर दाद मिळण्याची शक्यता जास्त, कारण तो घटक केला की नाही हे दाखवता येते. सादरीकरणाच्या गुणांबाबत ती जवळजवळ नसते. पंचांना थेट जाऊन विचारायचेच असेल तर ‘कमी का दिलेत’ असे न विचारता ‘वजावट कोठे झाली’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नावर पंच बचावाला जातो. दुसऱ्यावर तो, निदान लेखकाच्या ओळखीचे बहुतेक पंच तरी, पॅडवरचा कागद काढून दाखवतात.

ज्या स्पर्धेची हकिगत वर सांगितली, तिच्या आयोजकांनी पुढच्या वर्षी गुणफलकाशेजारी एक दोरी बांधली आणि गट संपला की पंचांचे कागद चिमट्यांनी तिच्यावर अडकवायला सुरुवात केली. वाऱ्याने ते सारखे फडफडत असत, त्यामुळे वाचायला पालकांना एका हाताने धरावे लागत.